घटनास्थळावरून मोबाइलने फोटो पाठवताना : ठाणे आणि नवी मुंबईतील नव्या वार्ताहरांसाठी

पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबले की ठाण्याहून ऐरोलीकडे जाणारी वाहतूक अडते आणि त्या दिवशी वृत्तपत्राच्या डेस्कला, म्हणजे पाने तयार करणाऱ्या उपसंपादकांच्या विभागाला, तिथला फोटो हवाच असतो. वार्ताहर म्हणून काम सुरू केले त्या पहिल्या पावसाळ्यात मी तिथे वेळेत पोहोचलो होतो आणि फोटोही चांगले मिळाले होते. पुलाच्या अलीकडे एका दुकानाच्या छपराखाली उभे राहून मी सत्तावीस फोटो एकदम निवडले, डेस्कच्या व्हॉट्सअॅपवर टाकले आणि काम झाले असे समजून वाहतूक पोलिसांशी बोलायला गेलो. पाऊण तासाने पाहिले तेव्हा प्रत्येक फोटोवर गोल चक्र फिरत होते आणि एकही फोटो गेलेला नव्हता. तोवर पान छपाईला सोडायची वेळ झाली होती. उपसंपादकांनी त्या जागी दुसराच फोटो लावला.

फोटो काढणे आणि पान लागण्याआधी तो वापरता येईल अशा स्वरूपात डेस्कच्या हाती देणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, आणि या कामात नव्याने येणारे बहुतेक जण पहिल्या अंगाचा सराव मनापासून करतात, दुसऱ्याकडे मात्र घटनास्थळी पोहोचेपर्यंत त्यांचे लक्षही जात नाही. ज्यांच्याकडे वेगळा कॅमेरा नाही, केवळ मोबाइल आहे आणि ज्यांना कळवा, मुंब्रा, घोडबंदर, ऐरोली किंवा वाशी अशा भागांतून रोज फोटो पाठवायचे आहेत, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहीत आहे.

घरून निघण्यापूर्वी

मोबाइलची मांडणी घरी, निवांतपणे करून ठेवावी. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये सर्वांत आधी फाइलचा प्रकार तपासावा. आयफोन २०१७ सालच्या आयओएस ११ या आवृत्तीपासून फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो. त्यात जागा वाचते, पण डेस्कवरच्या जुन्या संगणकांवर ती फाइल अनेकदा उघडत नाही. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स या क्रमाने जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडला की फोटो जेपीजी प्रकारात साठवले जातात. काही अँड्रॉइड फोनमध्येही असाच पर्याय असतो. त्याच वेळी लाइव्ह फोटो किंवा मोशन फोटो, चेहरा उजळवणारे ब्यूटी फिल्टर आणि कोपऱ्यात फोनचे नाव छापणारा वॉटरमार्क या तिन्ही गोष्टी बंद कराव्यात. पन्नास, शंभर किंवा दोनशे मेगापिक्सेलचा विशेष मोडही नको, कारण बारा मेगापिक्सेलचा, म्हणजे साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो वृत्तपत्राच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठा असतो.

फोनचे घड्याळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवावे. फाइलमध्ये आपोआप नोंदली जाणारी वेळ हाच पुढे फोटो केव्हाचा आहे याचा पुरावा ठरतो. किमान दोन-तीन जीबी जागा रिकामी असावी. पॉवर बँक सोबत असावीच, मात्र तिच्यावर लिहिलेली सगळी क्षमता फोनला मिळत नाही, कारण व्होल्टेज बदलताना बरीच ऊर्जा वाया जाते. दहा हजार एमएएचची बँक पाच हजार एमएएचचा फोन दोनदा पूर्ण भरेल असा हिशेब करू नये. पावसाळ्यासाठी चेन असलेली पारदर्शक पिशवी, चष्मा पुसायचे सुती कापड आणि दुसऱ्या कंपनीचे सिम या तीन गोष्टी मी वर्षभर पिशवीत ठेवतो. ओल्या बोटांनी किंवा प्लास्टिकवरून पडदा नीट चालत नाही, तेव्हा आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाने फोटो काढता येतो. तो सराव आधी करून पाहावा.

डेस्कचा नंबर, ईमेल आणि रात्रपाळीच्या उपसंपादकांचा थेट नंबर या तिन्ही गोष्टी फोनमध्ये असाव्यात. आपल्या आवृत्तीचे पान किती वाजता सुटते हेही विचारून ठेवावे. संकोचापोटी हा प्रश्न न विचारणारे अनेक नवोदित मी पाहिले आहेत.

फोटो काढताना

याविषयी थोडक्यातच सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लेन्स पुसावी, खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचे तेल असतेच आणि रात्रीच्या दिव्यांभोवती दिसणारे धुकट वलय बहुधा त्याचेच असते. डिजिटल झूम म्हणजे फोटो आधीच कातरणे, म्हणून शक्य असेल तर पुढे चालत जावे. आडवे फोटो काढावेत, त्यासोबत एखादा उभाही काढून ठेवावा, कारण पानावर कोणती जागा मोकळी राहील हे आपल्याला ठाऊक नसते. एक फोटो असा असावा की ज्यात जागा ओळखू येईल : रस्त्याची पाटी, पुलाचा खांब, स्थानकाचा फलक. गुडघाभर पाण्याचा जवळून काढलेला फोटो ठाण्याचा आहे की सांगलीचा, हे नुसते पाण्यावरून कोणालाच कळत नाही.

निवड आणि आकार

घटनास्थळावरून बाजूला होऊन, पाठ भिंतीला टेकवून, आपण काढलेले फोटो एकदा शांतपणे पाहावेत. त्यांतून तीन किंवा चार निवडावेत आणि त्या चारांतूनही एक पहिला ठरवावा. डेस्कला एकच फोटो मिळाला तर तो कोणता असावा, हा प्रश्न स्वतःला विचारून जे उत्तर येईल तो फोटो सर्वांत आधी, एकटा पाठवायचा. तो पोहोचल्यावरच उरलेले पाठवायचे. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती हीच असावी, इतकी ती मला महत्त्वाची वाटते. अनेक फोटो एकत्र टाकले की उपलब्ध वेग त्यांच्यात वाटला जातो, सगळे अर्धवट राहतात आणि जोडणी तुटली की त्यांतले काहीच हाती लागत नाही.

आता आकाराचा हिशेब पाहू. मोठ्या आकाराच्या दैनिकात आठ स्तंभांचे पान असते आणि एक स्तंभ साधारण चार सेंटीमीटर रुंद असतो. चार स्तंभी फोटो म्हणजे सुमारे साडेसोळा सेंटीमीटर, अर्थात साडेसहा इंच. वृत्तपत्राच्या कागदावर इंचाला दोनशे पिक्सेल पुरतात. त्या हिशेबाने तेराशे पिक्सेल झाले, आणि तीनशेचा कडक निकष लावला तरी दोन हजारांच्या आत. डेस्कला थोडे कातरायला वाव हवा, म्हणून लांब बाजू २४०० पिक्सेल आणि जेपीजीचा दर्जा ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवला की बातमीचा फोटो व्यवस्थित छापून येतो.

याचा वेळेवर किती परिणाम होतो ते पाहण्यासारखे आहे. मूळ फोटो चार एमबीचा असेल तर तो बत्तीस मेगाबिट होतो, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात आणि नेटवर्कचा वेग बिटमध्ये मोजतात. गर्दीत अपलोडचा वेग सेकंदाला अर्धा मेगाबिट एवढाच उरला, तर त्या एका फोटोला चौसष्ट सेकंद लागतील. मी पाठवलेल्या सत्तावीस फोटोंना जवळपास अर्धा तास लागला असता, तोही मध्ये एकदाही जोडणी तुटली नसती तर. लहान केलेला आठशे केबीचा फोटो त्याच वेगाने तेरा सेकंदांत जातो. आकार कमी करण्यासाठी स्नॅपसीड किंवा लाइटरूम यांसारखे कोणतेही एक अॅप सवयीचे करून घ्यावे. मूळ फाइलला हात लावू नये. लहान केलेली प्रत वेगळी जतन करावी.

अॅप उघडलेच आहे म्हणून फोटोत काय काय बदलावे, असा मोह होतो. क्षितिज सरळ करणे, कडेची अनावश्यक जागा कातरणे, उजेड थोडा वाढवणे इथपर्यंत ठीक आहे. विजेची तार पुसणे, मध्ये आलेला माणूस काढून टाकणे, आकाश बदलणे, मागचा भाग कृत्रिमरीत्या धूसर करणे हे बातमीच्या फोटोत चालत नाही. आता पुष्कळ फोनमध्ये नको असलेली वस्तू एका स्पर्शाने पुसणारे साधन आलेले आहे. घरच्या फोटोंसाठी ते खुशाल वापरावे, पण वाचक ज्या फोटोवर विश्वास ठेवून पान उघडतो त्यावर कधीही वापरू नये.

फोटोओळ

फोटोओळ म्हणजे फोटोखाली छापायची माहिती. तिच्याशिवाय पाठवलेला फोटो डेस्कवर अनाथ होतो. रात्री दहा वाजता उपसंपादकांच्या समोर शंभर फोटो असतात. ज्याच्याखाली माहिती आहे तो उचलला जातो आणि ज्याच्यासाठी फोन करावा लागेल तो मागे पडतो. ‘विटाव्यात पाणीच पाणी’ ही फोटोओळ नव्हे, कारण त्यातून फोटोत आधीच दिसते त्यापलीकडे काही कळत नाही. पुढील नमुना पाहावा :

‘ठाणे : मुसळधार पावसामुळे विटावा येथील रेल्वे पुलाखाली मंगळवारी (१५ जुलै) सकाळी साडेनऊच्या सुमारास गुडघाभर पाणी साचल्याने ऐरोलीच्या दिशेने जाणारी वाहतूक ठप्प झाली. बंद पडलेली रिक्षा ढकलून बाहेर काढताना चालक आणि पादचारी.’

यात काय, कुठे, केव्हा आणि कशामुळे हे सगळे आले आहे आणि शेवटी फोटोत प्रत्यक्ष कोण काय करत आहे तेही आले आहे. खाली छायाचित्रकार म्हणून आपले नाव लिहावे. ‘आज’ किंवा ‘काल’ लिहू नये, वार आणि तारीख लिहावी. आजचा फोटो उद्याच्या अंकात येतो तेव्हा ‘आज’चा अर्थ बदललेला असतो.

फोटोत नाव देण्याजोगी माणसे असतील तर डावीकडून क्रमाने पूर्ण नाव आणि पद लिहावे. नावे विचारताना लाजू नये. साळवी की साळवे, चव्हाण की चौहान, हे ऐकून कळत नाही, म्हणून मी समोरच्याला माझ्या वहीत त्याच्या हाताने नाव लिहायला सांगतो आणि त्या पानाचाही फोटो काढून ठेवतो. दहीहंडीला ही युक्ती आणखी उपयोगी पडते : गोविंदा पथकाचे नाव त्यांच्या बनियनवर किंवा फलकावर लिहिलेले असते, त्याचा एक फोटो आधीच टिपून ठेवला की थर लागल्यानंतरच्या गोंगाटात कुणाला काही विचारावे लागत नाही.

मराठीत बोलून टाइप करण्याची सोय घाईच्या वेळी मोलाची आहे, मात्र गावांची आणि नाक्यांची नावे त्यात हमखास चुकीची उमटतात, म्हणून पाठवण्यापूर्वी एकदा वाचावे. फोटोओळ फोटोच्याच संदेशात किंवा त्याच ईमेलमध्ये लिहावी. तीन फोटो आणि नंतर तीन वेगळे संदेश असे पाठवले की कोणती ओळ कोणत्या फोटोची याचा गोंधळ होतो. फाइलचे नाव रोमन अक्षरांत तारीख, जागा आणि क्रमांक असे ठेवावे, कारण काही जुन्या प्रणालींमध्ये देवनागरी नाव बिघडून प्रश्नचिन्हे उमटतात.

कोणत्या मार्गाने पाठवावे

आपल्याकडे जिल्ह्यातले बहुतेक फोटो व्हॉट्सअॅपवरच जातात, म्हणून त्याचे वागणे नीट समजून घेतले पाहिजे. फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर अॅप त्याचा आकार आणि दर्जा दोन्ही कमी करते. मोबाइलच्या पडद्यावर ते जाणवत नाही. पानावर चार स्तंभांत लावले की चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसू लागतात. २०२३ पासून आलेला एचडीचा पर्याय निवडला तर फरक पडतो, पण अॅपच्या सेटिंग्जमध्ये तो कायमचा निवडून ठेवलेला नसेल तर प्रत्येक वेळी आठवणीने निवडावा लागतो. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे जोडणीच्या चिन्हावर जाऊन ‘डॉक्युमेंट’ निवडणे आणि फोटो फाइल म्हणून पाठवणे. तेव्हा तो जसाच्या तसा, त्यातील वेळेच्या नोंदीसह पोहोचतो. आपण आधीच लहान केलेली प्रत डॉक्युमेंट म्हणून पाठवली की वेग आणि दर्जा दोन्ही साधतात.

ईमेलने पाठवायचे असेल तर जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे, मात्र जोडलेली फाइल पाठवण्याजोगी करताना तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने फुगतो, त्यामुळे प्रत्यक्षात अठरा एमबीपर्यंतच भर द्यावा. मर्यादा ओलांडली तर फोटो ड्राइव्हवर चढून केवळ दुवा जातो. तो दुवा उघडण्याची परवानगी दिलेली नसेल तर डेस्कवर फोटोऐवजी परवानगीची विनंती दिसते आणि तुम्ही तोवर लोकलमध्ये चढलेले असता. काही दैनिके आणि वृत्तसंस्था एफटीपीने, म्हणजे फाइल थेट त्यांच्या सर्व्हरवर चढवण्याच्या पद्धतीने, फोटो घेतात. तिथे सर्व्हरचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड घरीच भरून एक चाचणी फोटो पाठवून पाहावा.

अपलोड चालू असताना पडदा बंद करू नये आणि दुसऱ्या अॅपमध्ये जाऊ नये. बॅटरी सेव्हर चालू असेल तर अनेक फोन मागे चाललेली कामे थांबवतात, आणि खिशात ठेवलेला फोन निमूटपणे पाठवणे सोडून देतो.

गर्दीत नेटवर्क अडकते तेव्हा

जांभळी नाक्यावर दहीहंडीच्या दुपारी फोनवर रेंजच्या सगळ्या रेघा पूर्ण दिसतात आणि तरीही साधा संदेश जात नाही. नव्या माणसाला फोन बिघडला असे वाटते. रेघा केवळ टॉवरचा संकेत आपल्यापर्यंत किती जोरात येतो एवढेच सांगतात. त्या टॉवरवर किती हजार फोन एकाच वेळी ओझे टाकत आहेत हे त्यांतून कळत नाही. त्यातही फोटो पाठवणे म्हणजे उलट दिशेची वाहतूक. फोनचा रेडिओ टॉवरच्या मानाने फारच दुबळा असतो आणि नेटवर्कमध्ये अपलोडसाठी राखलेला वाटाही सहसा लहान असतो. त्यात आजूबाजूचा प्रत्येक जण व्हिडिओ पाठवत असतो.

अशा वेळी तिथेच उभे राहून पुन्हा पुन्हा बटण दाबण्याचा उपयोग नाही. गर्दी सोडून कोर्ट नाक्याच्या दिशेने काही मिनिटे चालत जावे. फोन दुसऱ्या टॉवरला जोडला जातो आणि अडकलेला फोटो बहुधा वाटेतच निघून जातो. फ्लाइट मोड दहा सेकंद चालू करून बंद केल्यास फोन नव्याने टॉवर शोधतो. फाइव्ह जी अडखळत असेल तर सेटिंगमधून फोर जी निवडून पाहावे. दुसऱ्या कंपनीचे सिम इथे कामी येते. एखाद्या दुकानदाराला किंवा मंडळाच्या कार्यालयाला विनंती केली तर वायफायही मिळते. मला आजवर फारच क्वचित कोणी नाही म्हटले आहे. येऊरसारख्या डोंगराळ, जंगलाच्या भागात उलट अडचण असते : तिथे गर्दी नसते पण संकेतच तुटतो. तिथे असतानाच फोटो निवडून, लहान करून, ओळी लिहून तयार ठेवाव्यात आणि उतरताना रेंज येताच पाठवाव्यात.

कॅमेऱ्यातून मोबाइलमध्ये

काही विषय मोबाइलच्या आवाक्याबाहेरचे असतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ऐरोलीच्या खाडीत किंवा नेरूळच्या पाणथळीवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेव्हा मोबाइलमध्ये गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही येत नाही. कुणाचा लांब लेन्सचा कॅमेरा मिळाला तर फोटो फोनमध्ये आणण्याचे दोन मार्ग आहेत : कॅमेऱ्याच्या कंपनीचे वायफाय अॅप, किंवा फोनला जोडायचा छोटा कार्ड रीडर. मी कार्ड रीडरच वापरतो, कारण वायफाय जोडणीत फोनचे इंटरनेट कधी कधी तुटते आणि दोन्ही उपकरणांची बॅटरी खर्च होते. कॅमेऱ्याचे घड्याळ फोनशी जुळवून घ्यावे. पक्ष्यांची घरटी असतील तर त्यांचे अचूक ठिकाण ओळीत लिहू नये आणि फाइलमधील जीपीएसची, म्हणजे फोटो कुठे काढला याची, नोंदही काढून टाकावी.

काय पाठवू नये

जीपीएसची हीच नोंद माणसांच्या बाबतीत कितीतरी गंभीर ठरते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत ती टिकून राहते, म्हणून पीडितेच्या किंवा साक्षीदाराच्या घराजवळ काम करताना कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी बंद ठेवावी. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. पीडित बालक असेल तर पोक्सो या बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे कलम २३ लागू होते, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ मनाई करते. ओळख केवळ चेहऱ्याने पटत नाही. माझ्या एका फोटोत चेहरा नव्हता, पण दाराशेजारची नावाची पाटी कोपऱ्यात वाचता येत होती. ती उपसंपादकांच्या नजरेला पडली म्हणून अनर्थ टळला. तेव्हापासून मी असा प्रत्येक फोटो पाठवण्यापूर्वी मोठा करून चारही कोपरे तपासतो.

दुसऱ्याने पुढे पाठवलेला फोटो स्वतःचा म्हणून कधीही देऊ नये. दर पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांचे जुने फोटो नव्याने फिरू लागतात. एखाद्या रहिवाशाने फोटो दिलाच तर त्याच्याकडून मूळ फाइल मागावी, त्यातली वेळ तपासावी, छापण्याची परवानगी घ्यावी आणि श्रेय त्याच्या नावाने द्यावे.

पोहोचल्याची खात्री

व्हॉट्सअॅपवर एक खूण म्हणजे फोटो तुमच्या फोनमधून निघाला, दोन खुणा म्हणजे समोरच्या फोनवर उतरला. उपसंपादकांनी तो पाहिला असा त्याचा अर्थ होत नाही. ईमेल आउटबॉक्समध्येच पडून आहे का हेही पाहावे. पहिला फोटो गेला की डेस्कला अर्ध्या मिनिटाचा फोन करावा : ‘विटाव्याचा एक फोटो ओळीसह पाठवला आहे, आणखी तीन येत आहेत, पान किती वाजता सोडताय?’ या एका फोनमुळे तुमच्या फोटोसाठी जागा राखून ठेवायची की नाही हे त्यांना ठरवता येते, आणि उभा फोटो हवा असेल तर तो घ्यायला तुम्ही अजून घटनास्थळीच असता. मूळ फाइल अंक छापून आल्यानंतरही किमान महिनाभर पुसू नयेत. आक्षेप, खुलासा किंवा दुसऱ्या आवृत्तीची मागणी बहुधा अंक हाती पडल्यानंतरच येते.